खुंटीवरची केबल

१

पार्किंगच्या भिंतीवरचं सॉकेट काळंठिक्कर पडलं होतं आणि त्याच्यासमोर उभं राहून सेक्रेटरी एका वायरमनला सकाळी सकाळी फैलावर घेत होते.

“मी आधीच सांगितलं होतं, विजेच्या गाडीचे लाड इथे नकोत! अख्खी बिल्डिंग झोपेत भाजून निघाली असती, कळतंय का? वायरिंग कुणी केलंय? तुम्हीच ना? तुमचं लायसन्स रद्द करायला लावतो की नाही बघाच!”

“साहेब, वायर जाड घातलीय, अर्थिंग नीट तपासलंय. माझ्या कामात...”

“तोंड वर करून बोलू नका!”

हत्यारांची पिशवी पोटाशी धरून वायरमन असा उभा होता, की जणू चोरीच करताना सापडलाय.

नेमक्या याच वेळी आत्या उतारावरून पार्किंगमध्ये उतरली, आणि हे बघून तिचं डोकंच फिरलं. एक तर भाचीचा रडवेला फोन आल्यामुळे ती चहासुद्धा न घेता निघाली होती. त्यात माणसानं माणसावर असं खेकसणं तिला आयुष्यात कधी सहन झालेलं नाही.

“कशानं लागलं हे ठरलं का तुमचं?” तिनं विचारलं.

सेक्रेटरींनी वळून पाहिलं. केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी आणि चेहऱ्यावर राग. “आपण?”

“मी आत्या. ही गाडी जिची आहे, तिची.”

आणखी काही सांगायची तिला गरज वाटली नाही. विमा कंपन्यांसाठी आगी तपासण्यात तिची हयात गेली होती. जळालेली दुकानं, जळालेली गोदामं, आणि विम्याच्या पैशांसाठी मालकानंच पेटवलेली दुकानं नि गोदामं. निवृत्त झाली तरी नाक तेच होतं, आणि स्वभावही तोच.

तिची भाची, म्हणजे बारकी, गाडीला टेकून उभी होती. घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी. आता ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती आणि फिजिओथेरपिस्ट होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ती त्यांना परत उठायला, चालायला शिकवायची. त्यासाठीच ही पांढरी, छोटी, विजेवरची गाडी.

“आत्या, संध्याकाळी मीटिंग आहे,” ती म्हणाली. “चार्जिंगची परवानगी काढून घेणार आहेत. घरी चार्जिंग नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर माझे पेशंट नाहीत. बस जात नाही गं त्या वस्त्यांत.”

“चार्जिंग रात्रभर चालू होतं ना, त्यामुळे तापलं असणार,” जावई हळू आवाजात म्हणाला. तो बायकोच्या शेजारीच उभा होता, चेहऱ्यावर काळजी. “जाऊ दे गं. माणसं सुखरूप आहेत, हेच खूप झालं.”

आत्या सॉकेटपाशी गेली आणि काजळीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं, भिंत पांढरी राहिली. मग ती वायरमनकडे वळली. “दादा, मेन बंद करून हे उघडता का?”

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटले, पण वायरमननं केव्हाच स्क्रू सोडवायला घेतले होते. झाकण निघालं. आत्यानं वाकून बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं.

आतली पितळी पट्टी नव्या भांड्यासारखी चकचकीत होती.

“सॉकेट तापून जळतं तेव्हा ते आतून जळतं,” आत्या म्हणाली. “पितळ काळंनिळं पडतं, आणि मग कुठे बाहेरचं प्लास्टिक वितळतं. इथे आत डाग नाही आणि बाहेर दिवाळं निघालंय. हे तापलेलं नाही, सेक्रेटरीसाहेब. हे कुणीतरी बाहेरून जाळलंय.”

२

“आत्या, तुम्ही उगाच दगदग करून घेताय,” जावई वर आल्यावर म्हणाला. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सोफ्यावर पडलेली फोनच्या चार्जरची वायर उचलून तिचं छान वेटोळं केलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. “जाळेल कोण? सगळे चांगले लोक आहेत इथे.”

“चांगले लोक मी पुष्कळ बघितलेत. तू खाली कधी गेलास?”

“सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा. आम्ही सगळे गाढ झोपेत होतो. फोन आला तशी मी आणि ही, दोघं बरोबरच धावत गेलो.”

“त्याआधी नाही?”

“छे!” तो जरा थांबला. “खरं सांगू का? मला वाटतं, हा इशाराच समजावा. मी तिच्या कामाच्या आड कधी आलो नाही, उलट गाडी घ्यायला मीच पुढाकार घेतला. ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगत असतो. पण दिवसभर ती बाहेर, मी बाहेर, आणि आईचा खांदा असा. घरी कुणीतरी हवं ना.”

बोलताना तो इतका समजूतदार दिसत होता की आत्याला आपल्याच संशयी स्वभावाचा राग आला.

आतून कपबशांचा आवाज आला आणि पाठोपाठ विहीणबाईंचा. बारकीच्या सासूबाई म्हणजे कुरकुरीचा झराच. “या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ! चष्मा ठेवावा तर चष्मा नाही, दिवे गेले तर असावी म्हणून मेणबत्ती ठेवावी तर मेणबत्ती नाही, गाळणं तर कायमचंच परागंदा! अहो आत्याबाई, जरा इकडे येता का? तो साखरेचा डबा काढून द्या. मेला हात छातीच्या वर जाईल तर ना.”

आत्यानं वरच्या फळीवरचा डबा काढून दिला. विहीणबाईंनी डाव्या हातानं उजव्या खांद्याला आधार देत चहात साखर घातली.

“बरा होतोय का खांदा?”

“तुमची भाची सोडतेय कुठे! रोज सकाळी हात धरून पिळते, मी ओरडते आणि ती हसते. जगाचे खांदे बरे करायला पोरगी गावभर भटकते आणि मग रात्री पाय दुखतात म्हणून बसते. मी म्हटलं विकून टाक ती गाडी एकदाची!”

“असं म्हणालात?”

“रोज म्हणते!” विहीणबाई ठसक्यात म्हणाल्या.

आत्या चहा पिऊन बारकीला घेऊन परत खाली आली. “गाडी चालू कर. बॅटरी किती आहे बघू.”

बारकीनं बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, ऐंशी.

“रात्रभर चार्जिंगला होती ना? मग शंभर का नाही?”

“मी ऐंशीवरच थांबवते. बॅटरी जास्त टिकते तशी. ऐंशी झाले की गाडी आपणहून वीज घेणं बंद करते.”

“आणि काल संध्याकाळी, केबल लावलीस तेव्हा किती होते?”

बारकीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. “आत्या, काल मी गाडी घेऊन बाहेर गेलेच नाही. आईंना डॉक्टरांकडे न्यायचं होतं, ते चालतच. गाडी जागची हलली नाही. केबल लावली ती नुसती सवयीनं. संध्याकाळीसुद्धा ऐंशीच होते.”

म्हणजे रात्रभर त्या वायरीतून वीज गेलीच नव्हती. जिथून वीजच गेली नाही ते सॉकेट तापलं कसं म्हणायचं?

३

जळलेलं सॉकेट सगळ्यात आधी बघितलं ते डिझेलवाल्या काकांनी. हे टोपणनाव बिल्डिंगनंच त्यांना दिलं होतं. त्यांची गाडी एवढी अवाढव्य होती की निम्मी स्वतःच्या जागेत राहायची आणि उरलेली बारकीच्या जागेत घुसायची. दोघांची त्यावरून दोनदा जुंपली होती.

“हो, मला ती जागा हवीय,” काका दारातच म्हणाले. “लपवतो कशाला? पण त्यासाठी मी काडी लावेन? माझी गाडी शेजारीच उभी असते, बाई. टाकीभर डिझेल आहे तिच्यात!”

मुद्दा बिनतोड होता. आत्यानं मान डोलावली. “तुम्ही पहाटे फिरायला निघालात तेव्हा काय दिसलं, ते जसंच्या तसं सांगा.”

“सॉकेट काळं. धूर नाही. केबल खुंटीवर व्यवस्थित टांगलेली. मी कशालाही हात लावला नाही, विजेची मला फार धास्ती आहे. तसाच वर आलो आणि सेक्रेटरींना फोन केला.”

सेक्रेटरी ऑफिसमध्ये भेटले. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि एक पंखा. टेबलावर वायरमनकडून सही घ्यायचा कागद तयार होता. ‘काम निकृष्ट झाले, चूक माझी आहे.’ तो वाचून आत्याच्या कानशिलांत आग भडकली.

“मी सॉकेट उघडून दाखवलं, तरी हे?”

“बाई, तुम्ही मुलीच्या नात्यातल्या. तुमचं ऐकून मी बिल्डिंग धोक्यात घालू?”

“तुम्हाला चार्जिंग नकोच होतं.”

“नकोच होतं! आजही नको आहे!” सेक्रेटरींनी टेबलावर थाप मारली. “पण मी तोंडावर भांडणारा माणूस आहे. मीटिंगमध्ये भांडलो, हरलो, आणि परवानगीवर सही केली. चोरून आग लावायची असती तर एवढा घसा कशाला फोडला असता?”

आत्याला हा माणूस मुळीच आवडला नव्हता. त्यामुळे त्याचं हे बोलणं पटलं, याचा तिला जास्तच वैताग आला.

ती पार्किंगमध्ये परतली. बारकी वायरमनला चहा देत होती आणि तो नको नको म्हणत होता. आत्यानं सॉकेटखालची फरशी न्याहाळली, मग सरळ गुडघ्यांवर बसली. भिंतीच्या कडेला नखाएवढा पांढरा ठिपका होता. तिनं तो नखानं खरवडला आणि बोटांत चोळला. मेण.

मेणबत्ती! माथ्यावर माणसं झोपलीत, शेजारी डिझेलची टाकी आहे, आणि कुणी दीडशहाणा इथे मेणबत्ती धरून उभा होता. आत्याला इतका संताप आला की तिला उठायलाच वेळ लागला.

मग तिनं खुंटीवरची केबल उतरवली. एका टोकाला भिंतीत लावायचा प्लग, मध्ये दिव्यांची पेटी, दुसऱ्या टोकाला गाडीत लावायचं ते जाडजूड मुठीचं तोंड, ज्याला सगळे गन म्हणतात. प्लगच्या पिना लखलखीत होत्या, त्यांच्यावर काजळीचा कण नव्हता.

“जाळण्याआधी प्लग काढलेला होता,” ती म्हणाली. “आणि ही केबल पहाटे काकांनी बघितली तेव्हा खुंटीवरच होती. तूच टांगलीस?”

बारकीनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

“खुंटीवर? नाही गं! मी तर काल संध्याकाळी गन गाडीत लावून, गाडी लॉक करून वर गेले होते. सकाळच्या गोंधळात ती खुंटीवर आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

४

“लाव बरं गन,” आत्या म्हणाली. “काल लावलीस तश्शी. आणि लॉक कर.”

बारकीनं गाडीची छोटी झडप उघडली, गन आत खुपसली आणि किल्लीचं बटण दाबलं. आतून कट्ट असा आवाज आला.

आत्यानं गन धरून ओढली. ढिम्म. दोन्ही हातांनी ओढली. गाडी हलली, गन नाही. वायरमनही पुढे आला, त्यानं पाय रोवून ओढून बघितलं, आणि हसून हात झटकले.

“नाही निघायची,” बारकी म्हणाली. “गाडी लॉक असली की ती गन पकडून ठेवते. रस्त्यावर चार्जिंगला लावली तर कुणी केबल पळवू नये म्हणून. किल्लीनं गाडी उघडायची, तेव्हाच ती सोडते.”

“फोनवरून नाही उघडत?”

“ती सोय मी घेतलेलीच नाही. मला आपली किल्ली बरी.”

आत्यानं झडपेच्या कडा तपासल्या. ओरखडा नाही, तडा नाही. कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. गाडी रीतसर किल्लीनं उघडली होती, गन रीतसर काढली होती, आणि केबल रीतसर टांगून ठेवली होती.

सेक्रेटरी सुटले. डिझेलवाले काका सुटले. वायरमन तर कधीच सुटला होता, फक्त ते कुणी मान्य करत नव्हतं.

“किल्ल्या किती आहेत, बारके?”

“दोन. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी हॉलच्या ड्रॉवरमध्ये.”

“रात्री तुमच्या घरात बाहेरचं कुणी?”

“कुणी नाही. दाराला आतून कडी असते.”

घरात माणसं तीनच होती, आणि त्यातली एक इथे उभी होती.

५

“आई?” बारकीचा आवाज चिरकला. “रोज म्हणतात खऱ्या, गाडी विक म्हणून. पण आत्या, त्या असं करतील?”

आत्या पार्किंगच्या कठड्यावर बसली. मेणबत्ती विहीणबाईंचीच होती, यात शंका नव्हती. सकाळीच त्या कुरकुरल्या होत्या. पण चोरानं ओरडून सांगावं की माझी मेणबत्ती सापडत नाही? बरं, तेही सोंग धरू. मग तिची नजर खुंटीवर गेली.

“ही खुंटी एवढी उंच कुणी लावली?”

“मी सांगितली तिथे यांनी लावली,” बारकीनं वायरमनकडे बोट केलं. “माझा हात पोचतो तिथे. खाली असली की केबल मातीत लोळते.”

आत्यानं स्वतः हात वर केला. टाचा उचलल्या तेव्हा कुठे बोटं टेकली. आणि केबल चांगली जड होती, पेटीसकट.

“विहीणबाईंना साखरेचा डबा काढता येत नाही,” ती म्हणाली. “त्यांचा खांदा तू रोज तपासतेस. सांग, ही केबल इथवर उचलून टांगतील त्या?”

बारकीनं मान वर करून खुंटीकडे बघितलं. खोटं बोलायचं तर आता बोलता आलं असतं. “नाही,” ती शेवटी म्हणाली. “शक्यच नाही.”

“आणखी एक बघ. जाळणाऱ्याला सगळं उरकून पळ काढायचा होता. कुणीही नुसता प्लग काढून, गन गाडीतच ठेवून, केबल तशीच खाली टाकून गेला असता. मग किल्लीचं आपल्याला काही कळलंही नसतं. पण या माणसाला वायर लोळलेली बघवत नाही. त्याचे हात आपोआप तिचं वेटोळं करतात.”

आता नाव घ्यायची गरजच नव्हती. बारकी गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होती.

“तो म्हणाला होता, माझा पूर्ण पाठिंबा आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांना सांगत फिरतो, आमच्याकडे इलेक्ट्रिक आहे म्हणून.”

“सांगतो खरा. पण ऐंशीवर थांबते, हे त्याला ठाऊक नाही. गन लावली की रात्रभर चार्जिंग, एवढंच त्याच्या डोक्यात. गाडीची फुशारकी त्याची, गाडी चालवणारी तू.”

भाचीचा संसार होता हा, जळकं गोदाम नव्हे. पहिल्यांदाच आत्याला आपल्या जिभेची भीती वाटली. “बारके, तू सांगशील तसं. मीटिंगमध्ये मी तोंड उघडू की नको?”

बारकीनं पलीकडे पाहिलं. वायरमन पायरीवर बसून, रिकामा कप हातात घेऊन, सेक्रेटरींच्या त्या कागदाची वाट बघत होता.

“त्यानं सही केली तर त्याला कुणी काम देईल का गं?” ती म्हणाली. डोळे पुसून ती ताठ उभी राहिली. “बोल तू. काही राखून ठेवू नकोस.”

६

तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. विहीणबाई पहिल्या रांगेत, जावई त्यांच्या शेजारी. सेक्रेटरींनी वायरमनपुढे कागद सरकवला आणि पेन दिलं.

“थांबा,” आत्या म्हणाली.

ती उभी राहिली आणि तिनं एकेक गोष्ट मांडली. आत चकचकीत पितळ. बाहेर पुसली जाणारी काजळी. खाली मेण. स्वच्छ पिना. ऐंशीवर थांबलेली बॅटरी, म्हणजे वीज गेलीच नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला.

“आता ज्यांनी दिवसभर या माणसाला चोरासारखं उभं केलं, त्यांनी ऐका. लॉक केलेल्या गाडीतून गन निघत नाही. खाली जाऊन ओढून बघा, मी थांबते. रात्री ती किल्लीनं काढली गेली. किल्ल्या दोन, दोन्ही एकाच घरात. मेणबत्ती त्याच घरातली. केबल एवढ्या उंचावर टांगणं एकीला दुखऱ्या खांद्यामुळे अशक्य. दुसरीला टांगायचीच असती तर तिनं संध्याकाळी टांगली असती, आणि स्वतःचं काम स्वतःच बंद पाडायला ती काही वेडी नाही.” ती जावयाकडे वळली. “सकाळी तू म्हणालास, सेक्रेटरींच्या फोनआधी मी खाली गेलोच नाही. अजून तेच म्हणणं आहे?”

सगळ्यांच्या माना वळल्या. जावयानं ओठांवरून जीभ फिरवली. बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर शंकेला जागाच उरलेली नाही हे बघून त्याची मान खाली गेली.

“कुणाला इजा होऊ नये याची मी काळजी घेतली होती,” तो म्हणाला. “मेन बंद केलं होतं. मी स्वतः तिथे उभा होतो...”

“वा! उपकारच केलेस!” डिझेलवाले काका खुर्चीतून उसळले.

“पण का?” बारकीनं विचारलं. “गाडी नको होती तर मला सांगायचं. काम नको होतं तर ते सांगायचं.”

“तुला कसं सांगणार होतो? सगळ्यांना मीच कौतुक सांगत होतो. मी नको म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते? बिल्डिंगनंच नाही म्हटलं असतं, तर कुणाचाच दोष नव्हता. तू आपोआप घरी राहिली असतीस. आईसाठीच गं! आईला एकटीला...”

“माझं नाव घेऊ नकोस!”

विहीणबाई उभ्या राहिल्या होत्या. उजवा हात डाव्यानं धरलेला, चेहरा लालबुंद.

“माझ्यासाठी? मी मागितलं होतं? मी कुरकुरते, हो, कुरकुरते! चहावर कुरकुरते, गाळण्यावर कुरकुरते, गाडीवरही कुरकुरते. तो माझा स्वभाव आहे. म्हणून तू माझी मेणबत्ती घेऊन सुनेच्या पोटावर पाय दिलास? स्वतःला नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून या बिचाऱ्याच्या गळ्यात पाप बांधलंस? दोन शब्द बोलायचं धाडस नव्हतं, आणि माणसं झोपलेल्या घराखाली आग लावायचं धाडस होतं?”

सेक्रेटरींनी वायरमनच्या पुढ्यातला कागद उचलला, फाडला, आणि तुकडे खिशात कोंबले. “माझं चुकलं,” ते त्याला म्हणाले. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “परवानगी होती तशीच राहील. सॉकेट बदलून द्या. खर्च...” त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही. जावई उठला आणि वायरमनसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला. वायरमननं त्याच्याकडे बघितलं नाही. पिशवीतून नवं सॉकेट काढून तो खाली कामाला गेला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीनं हॉलचा ड्रॉवर उघडला आणि दुसरी किल्ली काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवली.

“ही तुमच्याकडे राहू दे, आई.”

“मी काय करू हिचं? मला चालवता येते का?”

“शिकवीन. आधी खांदा बरा होऊ दे.”

“ऐका! आता या वयात हिच्या शिकवण्या!” विहीणबाई कुरकुरल्या, आणि किल्ली कमरेला खोचली. “बरं, आज कुठे जायचंय?”

“ते आजोबा आहेत ना, पक्षाघातवाले. काल गेले नाही मी, वाट बघत असतील. आज त्यांना काठीशिवाय उभं करायचंय.”

“मग चल. मीही येते. तुझे व्यायाम दुसऱ्याला ओरडायला लावतात, ते मला बघू दे तरी.”

आत्यानं झोळी खांद्याला लावली. तिलाही वाटेत सोडायचं ठरलं होतं. तिघी दारापाशी आल्या तेव्हा जावई आतून बाहेर आला. रात्रभर तो सोफ्यावर जागाच होता. ऑफिसला रजा टाकली होती, आणि कुणीतरी आपल्याशी बोलावं म्हणून तो सकाळपासून घरभर वस्तू जागच्या जागी लावत फिरत होता. मेणबत्तीचं उरलेलं थोटूकसुद्धा त्यानं आईच्या कपाटात नेऊन ठेवलं होतं.

“मी पण येऊ का?” त्यानं विचारलं. “गाडी मी चालवतो हवं तर. आई?”

लिफ्टचं बटण दाबून बारकी पाठमोरी उभी राहिली.

विहीणबाईंनी चप्पल सरकवली आणि उंबऱ्यावरून मुलाकडे पाहिलं.

“तू थांब,” त्या म्हणाल्या. “घरी कुणीतरी हवं ना.”